ह्यांच्या नावानं

"मॅडम, आता तुमच्या फर्ममधल्या मोठ्या माणसांची नावं सांगा," फोनवरची मुलगी म्हणाली. "म्हणजे ज्यांच्या नावाचं सोंग घेऊन कुणी मेल करू शकेल अशी माणसं. मालक कोण?"

"भूपाल आदगोंडा कुंभोजे," मी म्हटलं.

गेलं की तोंडातून! गेटावरच्या पाटीवर तेच नाव, बेदाण्याच्या खोक्यावर तेच नाव, आणि लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून 'मालक कोण' म्हटलं की माझ्या तोंडालाही तेच नाव. हे जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. मला ते पक्कं माहीत होतं, पण तोंडाला कोण सांगणार? दुरुस्त करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडं टकटक टाईप झालं आणि पोरगी म्हणाली, "हं, झालं. पुढचं?" अगं, ते नाहीत आता, असं एका परक्या पोरीला फोनवर सांगायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, राहू दे. मशीननं एक नाव जास्तीचं राखलं तर कुणाचं काय बिघडतंय?

पुढचं नाव मी सांगितलं, "शीतल आदगोंडा कुंभोजे."

"शीतल मॅडम ना?"

"मॅडम नव्हे गं बाई, माझे धाकटे दीर आहेत. चांगल्या मिशा आहेत त्यांना. आमच्यात पुरुषांचं नाव असतं शीतल."

ती एवढी खळखळून हसली, की मला ती तिथंच आवडली. गौतमी भोकरे तिचं नाव. पुण्याच्या कंपनीत कामाला होती. तिची कंपनी मेलची राखण करायचं सॉफ्टवेअर विकायची आणि ते घ्यायचं की नाही हे आम्हाला ठरवायचं होतं.

ही भानगड का निघाली तेही सांगते. तासगावजवळ आमच्या बेदाण्याच्या शेड आहेत. माल परदेशी जातो. त्या वर्षी माघात कुणा मुडद्यानं आमच्या नावानं दुबईच्या एका व्यापाऱ्याला मेल धाडला, की आमचं बँकेचं खातं बदललंय, पैसे ह्या नव्या खात्यात भरा. तो व्यापारी शहाणा, त्यानं आधी फोन करून विचारलं, म्हणून वाचलो. पण तेव्हापासून झोप उडाली. फर्म माझ्या आणि भावजींच्या गळ्यात. शेड, माल, बायामाणसं हे भावजी बघायचे. ऑफिस, कागद, बँक माझ्याकडं. आमच्या दोघांच्या हातून ह्यांनी उभं केलेलं बुडालं, तर वर जाऊन काय तोंड दाखवणार होते मी?

म्हणून ही चाचणी. पंधरवडाभर फुकट वापरायचं, पटलं तर घ्यायचं. येणारा प्रत्येक मेल आधी त्या मशीनमधून जायचा. संशय आला की ते मेल अडवून ठेवायचं. मी रोज अडवलेले मेल बघायचे आणि प्रत्येकापुढं 'खरा' नाहीतर 'खोटा' असं बटण दाबायचं. त्यातून ते मशीन शिकायचं आणि शेवटी गौतमी निकाल काढायची, किती बरोबर पकडले, किती भल्या माणसांना उगाच ताटकळत ठेवलं. आमच्या ऑफिसात त्याचं नाव पडलं चाळण. बेदाण्याला चाळण, तशी मेललाही.

पहिल्या आठवड्यात चाळणीनं बरीच करमणूक केली. बँकेचं सोंग घेतलेले दोन लबाड मेल तिनं झटकन पकडले. पण बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, पूजेचं निमंत्रणही अडवलं! 'त्वरा करा, इथे नाव नोंदवा' असं लिहिलं होतं, म्हणून तिला संशय आला. मी गौतमीला म्हटलं, "तुझं मशीन देवालाही दारात उभं करतंय बघ."

"काकू, 'खरा' दाबा. पुढच्या वेळी देवाला आत सोडेल," ती म्हणाली. मॅडमची काकू कधी झाले, कळलंच नाही.

आणि मग तो दिवस उजाडला. दुपारची वेळ, बाहेर शेडमध्ये बाया जाळीवरचा माल हलवत होत्या. मी चहाचा कप घेऊन अडवलेले मेल उघडले. पहिलाच होता तो.

पाठवणारा : भूपाल कुंभोजे.

कप हातातून पडला नाही एवढंच. खाली ठेवला मी, पण कसा ठेवला ते आठवत नाही. आणि खरं सांगते, तुम्ही हसाल. पहिला विचार आला तो असा, की आले! कुठं होते इतके दिवस? डोकं ठिकाणावर असलेली बाई मी, हिशेब करणारी, ह्यांना आपल्या हातांनी निरोप दिलेली. पण काळजाला अक्कल कुठं असते?

मी तो उघडला. पोलंडच्या मारेक साहेबांना लिहिलेलं उत्तर होतं. मारेक आमचे फार जुने गिऱ्हाईक, तिकडं पाव-बिस्किटवाल्यांना बेदाणा पुरवायचे. एकदा इथं येऊन, शेडमध्ये मांडी घालून ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन, डोळ्यांतून पाणी गाळत "गुड, गुड" करून गेले होते. मेल इंग्रजीत होता. पण मला तो ह्यांच्याच आवाजात ऐकू आला, आणि मराठीत. 'माल बाजारासारखा नाही, घरच्यासारखा निवडलाय.' हे त्यांचंच बोलणं. 'घाई करू नका, बेदाणा आणि माणूस सावलीतच गोड होतो.' हेही त्यांचंच, शंभरदा ऐकलेलं. आणि सगळ्यात शेवटी, सहीच्या वर, 'आज वारा कोरडा आहे.'

ही ओळ त्यांची खूण होती. बेदाणा वाऱ्यावर सुकतो. वाऱ्यात ओल आली की माल काळा पडायची भीती. म्हणून हे रोज अंगणात उभे राहून वारा बघायचे आणि कुणालाही मेल गेला तरी शेवटी वारा कसा आहे ते लिहायला लावायचे. कोण कुठला परदेशी व्यापारी, त्याला आमच्या तासगावच्या वाऱ्याशी काय देणंघेणं? पण मारेक साहेब उलट त्यांच्या समुद्राचा वारा लिहून पाठवायचे.

चाळणीनं खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'ह्या व्यक्तीच्या नावाचा कुणीतरी गैरवापर करत असावं.' आणि खाली दोन बटणं. खरा. खोटा.

पत्ता बघितला तर फर्मचा नव्हता. ह्यांचा फार जुना, फुकटातला पत्ता होता तो, फर्मचे पत्ते निघायच्या आधीचा. तो चालू असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. लिहिणारा कोण हे मात्र मला दुसऱ्या वाचनातच कळलं. ह्यांना टाईप करता येत नव्हतं हो! एका जागी बसणं ठाऊक नाही. मुठीत बेदाणे घेऊन ऑफिसभर फिरत मराठीत सांगायचे आणि भावजी खुर्चीत बसून इंग्रजीत टाईप करायचे. वीस-बावीस वर्षं तोंड ह्यांचं आणि बोटं भावजींची. त्या बोटांना ह्यांचं बोलणं इतकं पाठ झालेलं, की तोंड गेलं तरी बोटं थांबली नव्हती.

मी भावजींना शेडमधून बोलावून घेतलं. ते टोपी काढत आत आले. मी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं फिरवला.

वाचलं त्यांनी. खाली बसले.

"मारेक साहेबांनी ह्या वेळी ऑफिसचा पत्ता पण घातला होता, कंटेनरच्या कागदांसाठी," ते म्हणाले. "मी बघितलंच नाही. माझं उत्तर ऑफिसलाही गेलं वाटतं."

"मी काय विचारतेय आणि तुम्ही काय सांगताय? हे कधीपासून चाललंय?"

"अण्णा गेले तेव्हापासून."

"आणि मारेक साहेबांना सांगितलंच नाही?"

"तेव्हा त्यांची बायको जाऊन चारच दिवस झाले होते, वहिनी. अण्णांनाच लिहिलं होतं त्यांनी, की भूपाल, आता घरात वारासुद्धा येत नाही. त्या माणसाला कसं सांगायचं, की ज्याला लिहिताय तोही गेला? म्हटलं, महिन्याभरानं सांगू. महिन्यानं म्हटलं, दिवाळीनंतर सांगू. मग पुढं…" त्यांनी टोपी गुडघ्यावर घडी केली, उघडली. "पुढं सांगावंसंच वाटेना. मेल उघडला की वर लिहिलेलं असतं, 'डिअर भूपाल'. इथं गावात सगळे 'कैलासवासी' लावून बोलतात. घरात त्यांचं नाव काढलं की तुम्ही उठून आत जाता. अख्ख्या जगात एकच माणूस उरलाय वहिनी, जो अण्णांना अजून हाक मारतो."

रागवायला बोलावलं होतं मी त्यांना. धंद्याचं नाव आहे, गिऱ्हाइकाला फसवलंत, उद्या उघडकीला आलं तर, असं सगळं जिभेवर तयार होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"आणि मला नाही सांगितलंत?"

"वहिनी…"

"दोन वर्षं! दोन वर्षं मी त्या वरच्या खोलीत भिंतीशी बोलतेय. आणि तुम्ही खाली बसून त्यांच्याशी बोलत होता, त्यांचं ऐकत होता. मला एकदा हाक मारावी वाटली नाही? मी कोण होते त्यांची?"

असूया होती ती, दुसरं काही नाही. सख्ख्या दिरावर, मेलेल्या नवऱ्यावरून. ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा अशी गोष्ट. मी रडून घेतलं. बाहेरून शेडमधली हौसाक्का डोकावली, काय समजायचं ते समजली आणि दार ओढून घेऊन गेली.

पण बटण दाबायचं राहिलंच होतं. संध्याकाळी गौतमीचा फोन आला.

"काकू, एक मेल तुम्ही तसाच ठेवलाय. मालकांच्या नावाचा."

"हं."

"खरा आहे का? कधीकधी मालक घरच्या पत्त्यावरून लिहितात. तसं असेल तर 'खरा' दाबा, त्या पत्त्यावरून त्यांचं नाव चालतं हे मशीन शिकेल."

"आणि शिकलं की?"

"की मग पुन्हा कधी अडवणार नाही. पण जुना पत्ता आहे तो काकू, पासवर्डसुद्धा जुनाच असणार. उद्या कुणी चोरानं तो उघडला, तर तुमच्या मालकांच्या नावानं काय वाट्टेल ते आत येईल. तुम्हीच एकदा त्यांना विचारा ना."

मी म्हटलं, "गौतमी, ते नाहीत गं. दोन वर्षं झाली."

पलीकडं टकटक थांबली.

"सॉरी काकू. मग तुम्ही नाव का दिलंत?"

"तू विचारलंस ना, मालक कोण म्हणून."

ती पोरगी शहाणी. फक्त म्हणाली, "सावकाश ठरवा. चाचणी संपेपर्यंत वेळ आहे."

त्या दोन-तीन दिवसांत मी किती वेळा तो मेल उघडला असेल! 'खरा' म्हटलं, की हे राहिले. भावजींशेजारी खुर्ची ओढून बसता आलं असतं, आठवड्याला एकदा का होईना कानावर बोलणं पडलं असतं, मारेक साहेबांनी हाक मारली असती. 'खोटा' म्हटलं, की गेले. दुसऱ्यांदा गेले आणि ह्या वेळी माझ्या हातानं. बटण म्हणाल तर तिळाएवढं. पण बोट उचलत नव्हतं.

शेवटी एक गोष्ट मनात आली आणि तिथं माझं ठरलं. माघात ज्या चोरानं आमचं सोंग घेतलं, तसाच कुणी त्या पत्त्यातून शिरला असता तर त्यानं ह्यांचं नाव लावून लबाडी केली असती. ह्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला ओला माल कोरडा म्हणून दिला नाही. त्या नावाला डाग लागलेला मला सोसला नसता. माझी ओढ माझ्यापाशी. नाव मात्र त्यांचं होतं.

मी भावजींना सांगितलं आणि 'खोटा' दाबलं. भावजींनी मान हलवली. "मारेक साहेबांना मी माझ्या नावानं लिहितो," एवढंच म्हणाले. लिहायला त्यांना सबंध सकाळ लागली. मेल गेला आणि दुसऱ्या दिवशी मारेक साहेबांचा फोनच आला. कधी फोन न करणारा माणूस! भावजींना बोलवेना, फोन माझ्या हातात दिला. मारेक साहेब मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "वारा कसा आहे?" मी खिडकीतून बघून सांगितलं, कोरडा आहे. "गुड," ते म्हणाले, "गुड." रागावले नाहीत. पुढं कितीतरी वर्षं त्यांचा माल गेला, 'डिअर शीतल' म्हणून.

राहता राहिला तो जुना पत्ता. चाचणीच्या शेवटच्या दिवशी तो कायमचा बंद करायचा ठरलं. उन्हं कलली होती. भावजी कॉम्प्युटरपुढं बसले, पत्ता उघडला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "करू का?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "एक मेल मला पाठवा."

"कसला?"

"त्यांच्या नावानं. पोलंडला लिहिलं, दुबईला लिहिलं, मॉस्कोला लिहिलं. मला कधी एक ओळ लिहिली नाही त्यांनी. घरातच तर होते, कशाला लिहितील? आता एक येऊ दे."

भावजींनी बोटं ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. ती बोटं मी इतकी वर्षं बघत होते, कधी अडली नव्हती. शेवटी हात मांडीवर घेऊन ते म्हणाले, "नाही जमत, वहिनी. गिऱ्हाइकाशी अण्णा कसे बोलायचे ते मला पाठ आहे. तुमच्याशी कसे बोलायचे ते मला कुठं ठाऊक?"

खरंच की. ते तर माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग मीच उठले. हे फिरायचे तशी खिडकीपासून दारापर्यंत गेले, परत आले. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम. त्यामुळं रोज ह्या वेळेला मी चुलीपुढं आणि रोज ह्याच वेळेला वारा फिरायचा. हे अंगणात उभे राहून हाक मारायचे. मी आतून ओरडायचे, "येते हो, तव्यावर भाकरी आहे!" भाकऱ्या होईस्तोवर वारा पडायचा आणि तेच आत येऊन पाटावर बसायचे. रोजचंच होतं. त्याचं कधी कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

"लिहा," मी म्हटलं. "त्रिशला, जरा बाहेर ये की. वारा बघ कसा सुटलाय."

भावजींनी लिहिलं. चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं आणि पाठवून दिलं. मग पत्ता बंद केला आणि शेडकडं गेले.

मी माझ्या खुर्चीत बसले. मेल आला नाही. येणार कसा? चाळण बसली होती ना राखणीला! अडवलेले मेल उघडले, तर सगळ्यात वर हाच. भूपाल कुंभोजे. खाली तीच लाल ओळ आणि तीच दोन बटणं.

दुसऱ्या दिवशी गौतमीचा फोन आला. निकाल उत्तम होता, चाळण आम्ही घेतली, आजही ती आहे. त्याच फोनवर गौतमी चाचरत म्हणाली, "काकू, एका मेलला चुकून 'खरा' दाबलं गेलंय तुमच्याकडून. बदलू का? रिपोर्टमध्ये तेवढी एकच चूक दिसतेय."

"तो पत्ता बंद केलाय आम्ही. आता त्यातून कुणी येणार नाही."

"मग बदलते."

"नको गं," मी म्हटलं. "असू दे."

पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी मी बटण दाबलं आणि मेल आत आला. वाचला. घरात थोरली सून चूल पेटवून माझी वाट बघत होती. "आत्या, पीठ मळू का? दिवस चाललाय," तिनं हाक दिली.

"तुम्ही जेवून घ्या," मी म्हटलं.

आणि मी अंगणात गेले. वारा सुटला होता, कोरडा, चांगला. ह्यांच्या जागेवर जाऊन उभी राहिले. दिवस मावळला, अंधार पडला, त्या दिवशी मी जेवले नाही. तव्यावर काही नव्हतं. मी आले होते.